गोदेच्या गाळामागोमाग : पैठण ते कोरिंगा

गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते आणि १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते, हे मराठवाड्यातले प्रत्येक मूल शाळेत पाठ करते. ती समुद्राला मिळते तिथे नेमके काय आहे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेले असते. तिथे, आंध्र प्रदेशात, कोरिंगाचे कांदळवन, म्हणजे भरतीच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांचे जंगल आहे, आणि ते ज्या चिखलावर उभे आहे त्या चिखलात आपल्या काळ्या रानांतून वाहून गेलेली मातीही आहे. परभणीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. परिसंस्थेचा धडा आला की किनाऱ्याची उदाहरणे देते, आणि समोरच्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेलाच नसतो. एखाद्या काठावर किती जातींचे जीव नांदतात, यावर त्या काठाचे काम कसे चालते हे ठरते, असे पुस्तकात एका वाक्यात लिहिलेले असते. ते काम डोळ्यांनी पाहावे, म्हणून यंदा संक्रांत उलटल्यावर नदीच्या मागोमाग समुद्रापर्यंत जायचे ठरवले. सोबत मामा होते. त्यांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून गेली, आणि त्यातली बरीच वर्षे देगलूर-धर्माबादकडे गेल्यामुळे ते तेलुगू सहज बोलतात. पुढच्या प्रवासात त्यांच्या तेलुगूनेच बहुतेक दारे उघडली.

पहिला दिवस : नाथसागराचा फुगवटा

पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या या मातीच्या धरणामागे साधारण साडेतीनशे चौरस किलोमीटर पाणी पसरते, तोच नाथसागर. पाणी पसरट आणि उथळ असल्यामुळे हिवाळ्यात पातळी थोडी जरी उतरली तरी काठाची मोठी पट्टी उघडी पडते. शेतकरी त्यावर गाळपेर करतात. हरभरा, गहू, पुढे उन्हाळ्यात टरबूज. त्या पिकांच्या आणि पाण्याच्या मधोमध जो ओला, लचका गाळ उरतो, तोच पाहायला आम्ही सूर्योदयाला फुगवट्याच्या काठच्या एका गावापाशी पोचलो होतो.

धुके विरळ होताच पक्षी दिसू लागले. पाण्यात दूरवर रोहितांची (फ्लेमिंगोंची) रांग, त्यांच्या अलीकडे चमचे, काठावर शेकाट्या, आणि गाळावर धावणारे चिमुकले टिलवे. पट्टकादंब हंसांचा थवा हरभऱ्याच्या रानातून उठून पाण्यात उतरला, तेव्हा मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. दुर्बिणीतून चोचींकडे लक्ष दिले की या गर्दीची व्यवस्था उमगते. टिलव्याची चोच आखूड, तो गाळाच्या वरच्या थरातले किडे टिपतो. मालगुजाची लांब, तो खोलवरच्या अळ्या काढतो. कोरलाची त्याहून लांब आणि वाकडी. आणि रोहित चोच उलटी धरून पाणी गाळतो. एकाच वावभर गाळात चार जणांची चार कामे चालतात, म्हणून गाळाच्या प्रत्येक थरातले अन्न वर येते आणि त्यांच्या विष्ठेच्या रूपाने पुन्हा पाण्याला मिळते. १९८६ साली हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला तो पक्ष्यांसाठी; पण पक्षी टिकतात ते या गाळातल्या अळ्या, गोगलगायी आणि पाणवनस्पतींच्या जोरावर.

काठाच्या काही भागांत मात्र दुसरे काही दिसत नाही, फक्त बेशरम. दक्षिण अमेरिकेतून आलेले हे झुडूप जिथे दाट माजले आहे तिथे गाळ दिसत नाही, टिलवे उतरत नाहीत, गुरेही त्याला तोंड लावत नाहीत. हिरवे दिसते म्हणून काठ जिवंत आहे असे समजू नये, ही गोष्ट मला तिथे फार जाणवली.

थर्माकोलच्या तराफ्यावरून परतलेल्या एका भोईदादांनी जाळे उलटे केले. रोहू थोडे, मरळ एकच, बाकी सारी चिलापी. चिलापी म्हणजे तिलापिया, हा आफ्रिकेचा मासा. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ साली आणला गेला. तो शेवाळ खातो, गाळ खातो आणि इतर माशांची अंडीही खातो. "वजन भरतं, पर भाव येत नाही," दादा म्हणाले. मामांनी त्यांना विचारले, "अहीर घावते का हो अजून?" दादा हसले. "नाव काढू नका मामा. आमच्या आज्याच्या जाळ्यात यायची." अहीर ही सापासारखी लांब मासळी समुद्रात जन्मते, तिची पिल्ले नदीतून वर चढतात, गोड्या पाण्यात वर्षानुवर्षे वाढतात आणि अंडी घालायला पुन्हा समुद्राकडे निघतात. नदीच्या वाटेत एक भिंत आली की तिचा संसारच मोडतो, आणि गोदावरीवर आता भिंती अनेक आहेत.

दुपारी एका शेतावर गुळभेंडी ज्वारीचा हुरडा, शेंगदाण्याची चटणी आणि दही असा बेत होता. मामा माळकरी असल्याने मरळीचा रस्सा मी एकटीनेच खाल्ला.

पक्ष्यांसाठी येणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात यावे आणि उजाडण्यापूर्वी काठावर असावे. दहानंतर उन्हाची झळ पाण्यावर थरथरते आणि दुर्बिणीतूनही नीट दिसत नाही. वरून वाळलेला गाळ खाली ओला असतो, त्यामुळे पाऊलवाट सोडून पुढे जाऊ नये. गाळपेर कोणाची तरी आहे, हेही विसरू नये.

दुसरा दिवस : गंगाखेड

जनाबाईंच्या गावी आम्ही दर्शन घेऊन नदीवर गेलो. पात्रातल्या वाळूत शिंपले शोधायला मामा लहान मुलासारखे वाकले होते. गोड्या पाण्यातला हा शिंपला वाळूत अर्धा रुतून बसतो, पाणी आत घेतो, त्यातले शेवाळ आणि कण खाऊन उरलेले स्वच्छ पाणी बाहेर सोडतो. एक शिंपला थोडेच काम करतो, पण शिंपल्यांनी भरलेले पात्र रात्रंदिवस नदी गाळत असते. त्याची पिल्ले काही दिवस माशांच्या कल्ल्यांना चिकटून राहतात, त्यामुळे योग्य जातीचे मासे नसतील तर शिंपलेही वाढत नाहीत. मामांना रिकामे शिंपले मिळाले, जिवंत एकच, आणि तोही वाळू उपसलेल्या खड्ड्याच्या कडेला. वाळू गेली की शिंपल्याचे घर गेले. तो शिंपला मामांनी खोल पाण्यात नेऊन ठेवला.

रात्री परभणीहून गाडी होती. शिर्डीहून काकिनाड्याला जाणारी गाडी मराठवाड्यातून जाते, पण ती रोज नसते. वार पाहूनच बेत आखावा.

तिसरा दिवस : गाडीत, आणि राजमहेंद्रीचा पूल

सकाळी तेलंगणातली कापसाची रानं मागे पडत असताना मामांनी विचारले, "माय, एवढ्या जातींतली एखादी गेली तर खरंच काय बिघडतं? दुसरी तिचं काम करीत नाही का?" हाच खरा प्रश्न आहे. मी त्यांना रॉबर्ट पेन या अमेरिकन शास्त्रज्ञाचा प्रयोग सांगितला. वॉशिंग्टन राज्याच्या खडकाळ किनाऱ्यावर त्यांनी एका पट्ट्यातून एकाच जातीचे तारामासे सतत काढून टाकले. हे तारामासे शिंपले खात. ते गेल्यावर शिंपल्यांनी खडक असा व्यापला की इतरांना टेकायला जागा उरली नाही, आणि पंधरा जातींच्या वस्तीतून आठच उरल्या. १९६६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही जातींची जागा दुसरी घेऊ शकते. काहींची कोणीच घेत नाही, आणि कोणती जात कोणत्या प्रकारची हे ती जाईपर्यंत कळेलच असे नाही.

मामांनी थोडा विचार केला. "आपण ज्वारीत तूर, तुरीत मूग घेतो ते याच्यासाठीच की. पाऊस आधी आला तर मूग हातात येतो, मागून आला तर तूर. एकाच पिकावर बसलेला माणूस बहात्तरच्या दुष्काळात पार बसला." परिसंस्थेत एकच काम करणाऱ्या अनेक जाती का हव्यात, याचे याहून नेमके उत्तर मला देता आले नसते. एक जात उष्णतेने मागे पडते, दुसरी खारेपणाने, तिसरी पुराने; सगळ्या एकाच वर्षी मागे पडत नाहीत, म्हणून काम चालू राहते.

दुपारी कोव्वूर आणि राजमहेंद्री यांच्यामध्ये गाडी गोदावरीवर आली आणि डब्यातले सगळे प्रवासी खिडकीशी गेले. कोणी नाणी टाकली, कोणी हात जोडले. जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा पूल, आणि खाली समुद्रासारखे पात्र. गंगाखेडची नदी हीच, यावर विश्वास बसत नव्हता. याच परिसरात, धवलेश्वरम येथे, सर आर्थर कॉटन यांनी १८५२ साली बंधारा पूर्ण केला आणि त्रिभुज प्रदेशाची भातशेती उभी राहिली. पावसाळ्यात समुद्रातून नदीत चढणारा हिल्सा मासा, ज्याला इथे पुलस म्हणतात, तोही या बंधाऱ्यापर्यंतच येतो. मंगळसूत्र विकावे लागले तरी चालेल पण पुलस खावा, अशी तेलुगूत म्हण आहे; जानेवारीत तो मिळत नाही, त्यासाठी जुलै ते सप्टेंबरमध्ये यावे लागते.

पूल ओलांडताना मला गाळ आठवत होता. नदीवरचे प्रत्येक धरण पाणी अडवते तसा गाळही अडवते. १९७० च्या दशकात गोदावरी समुद्राकडे जितका गाळ नेत होती त्याच्या निम्म्याहूनही कमी १९९० च्या दशकात नेऊ लागली, आणि त्रिभुज प्रदेशाचा समुद्राकडचा काठ कित्येक ठिकाणी झिजत गेला. मामांनी आयुष्यभर जे पाणी वाटले त्या पाण्यानेच माझे शिक्षण झाले आहे, त्यामुळे धरणे नकोत असे मी म्हणणार नाही. मात्र जायकवाडीच्या तळाशी जो गाळ बसला आहे तो इथल्या किनाऱ्याच्या वाट्याचा होता, एवढे तरी आपण लक्षात ठेवायला हवे.

काकिनाड्यात रात्री एका साध्या भोजनालयात केळीच्या पानावर भात, पप्पू म्हणजे वरण, गोंगुरा आणि ताक जेवलो. मामांना गोंगुऱ्यात आपली अंबाडीची भाजी भेटली आणि त्यांनी तीनदा मागून घेतली.

चौथा दिवस : कोरिंगा

काकिनाड्याहून रिक्षाने अर्ध्या-पाऊण तासात कोरिंगा अभयारण्याच्या दारात पोचता येते. १९७८ साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे २३५ चौरस किलोमीटरचे आहे. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती आणि खाडीत नाव चालेल इतके पाणी नव्हते. भरती येईपर्यंत थांबा, असे नाववाल्याने सांगितले. आत लाकडी पायवाट आहे, तीवरून आम्ही जंगलात गेलो. ती सगळी सकाळ आम्हाला पाणी उतरलेला चिखल पाहायला मिळाली, आणि ज्याला कांदळवनाचे काम पाहायचे आहे त्याने ओहोटीलाच यावे, असे मी आता आग्रहाने सांगेन.

पहिली नजर मुळांवर पडते. तिवराची मुळे चिखलातून बोटभर उंचीच्या खुंट्यांसारखी वर आलेली असतात, हजारोंच्या संख्येने. चिखलात प्राणवायू नसतो, तो या खुंट्या हवेतून घेतात, आणि भरतीचे पाणी त्यांच्यातून जाताना मंदावते तेव्हा गाळ खाली बसतो. कांदळाची मुळे खोडातून कमानीसारखी उतरतात आणि लाटेचा जोर मोडतात. चिप्पीच्या खुंट्या जाड आणि उंच. आपल्या राज्याने २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. इथे तिची बहीण, बारीक पानांची चिप्पी, नदीच्या मुखाकडच्या कोवळ्या गाळावर उभी आहे. त्यामागे काजळा, आणि भरती क्वचितच पोचते अशा उंच जागी गेवा, ज्याच्या चिकाने डोळ्यांना इजा होते. त्याची फांदी मोडू नये. मिठाशी झुंजण्याची प्रत्येकाची रीत वेगळी आहे. कांदळ मुळाशीच मीठ अडवतो, तिवर ते आत घेऊन पानांवाटे बाहेर टाकतो. मामांनी तिवराचे पान जिभेला लावले आणि मान डोलावली.

यातला एकच वृक्ष सर्वत्र लावला असता तर काय झाले असते, हे मनात येणे साहजिक होते. नुसता तिवर असता तर गाळ धरला गेला असता, पण कमानीच्या मुळांत आसरा घेणाऱ्या पिल्लांना जागा राहिली नसती. नुसता कांदळ असता तर उंच, खारट जागा उघड्या पडल्या असत्या.

मग खेकडे दिसू लागले. थोडा वेळ न हलता उभे राहिले की चिखल जागा होतो. एकच नांगी मोठी असलेले लाल खेकडे ती हलवत बिळाबाहेर येतात, आणि काळपट खेकडे गळून पडलेले पान धरून ओढत बिळात नेतात. एक पान बिळाच्या तोंडात अडकले होते, ते आत जाईपर्यंत मामा खाली बसून पाहत होते. या पानांचे खेकडे तुकडे करतात, उरलेल्यावर बुरशी आणि जिवाणू वाढतात, ते कण खाऊन कोळंबीची पिल्ले वाढतात, आणि ती खाऊन मासे. खेकडे नसते तर बरीचशी पाने ओहोटीबरोबर समुद्रात गेली असती. बिळांचे काम तर याहून मोठे आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमधल्या कांदळवनात संशोधकांनी काही तुकड्यांतून खेकडे काढून टाकले. त्या तुकड्यांत चिखलातले विषारी सल्फाइड वाढले आणि झाडांची वाढ मंदावली. हा प्रयोग १९९१ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे जंगल उभे राहण्यात झाडांइतकाच वाटा जमीन नांगरणाऱ्या या जिवांचा आहे. चिखलावर बोटभर लांब, शंकूसारख्या काळ्या गोगलगायी शेवाळ खरवडत होत्या, आणि निवट्या नावाच्या लहान मासळ्या परांच्या बळावर पाण्याबाहेर उड्या मारत होत्या. मुंबईकर त्यांना खातात, आम्ही मात्र नुसते पाहिले.

दुपारी भरती आली आणि नाव निघाली. नाववाला तरुण होता. मामांना तो बाबाय, म्हणजे काका, म्हणू लागला होता. खाडीच्या एका वळणावर त्याने इंजिन बंद केले. तीन पाणमांजरे काठावर चढली, त्यातल्या एकाच्या तोंडात मासा होता. मासे पकडणारे रानमांजरही या जंगलात आहे, पण ते रात्रीचे. आम्हाला त्याच्या पावलांचे ठसे मात्र नाववाल्याने दाखवले. "ही जनावरं आहेत म्हणजे मासळी आहे," तो म्हणाला. आणि ती आहेत म्हणून कोणतीही एक मासळी अति माजत नाही, हेही तितकेच खरे आहे.

मी त्याला वादळांबद्दल विचारले. १८३९ च्या वादळाने कोरिंगाचे भरभराटीचे बंदर उद्ध्वस्त केले, ही आठवण इथे अजून सांगितली जाते. तो म्हणाला, "समुद्र आधी झाडांना भेटतो, मग आम्हाला." ओडिशातल्या १९९९ च्या महाचक्रीवादळात ज्या गावांपुढे कांदळवनाचा पट्टा रुंद होता तिथे माणसे कमी दगावली, असे पुढे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. लाट मोडायला कमानीची मुळे, खुंट्या, दाट खोडे आणि वरचा पानोरा हे सारे लागते, आणि ते एकाच जातीकडे नसते.

इथे येणाऱ्यांनी भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवावी आणि दोन्ही पाहता येतील असा पूर्ण दिवस काढावा. अंगभर सुती कपडे हवेत. चिलटे फार असतात. पाणी आणि खाणे बरोबर असू द्यावे. सुटीच्या दिवशी पायवाटेवर गर्दी आणि गोंगाट असतो, आणि मग खेकडे बाहेर येत नाहीत.

पाचवा दिवस : होप बेट

काकिनाड्याच्या उपसागरापुढे गेल्या सुमारे दोनशे वर्षांत गोदावरीच्या वाळूची एक लांब जीभ तयार झाली आहे, तेच होप बेट. वादळी समुद्र आणि काकिनाडा बंदर यांच्यामध्ये ती आडवी पडली आहे. सकाळचा वारा गार होता आणि नावेतून येताना आम्ही दोघेही भिजलो.

वाळूवर मर्यादवेल पसरली होती, जांभळ्या फुलांची. ही आणि आपल्या नाथसागराच्या काठची बेशरम या एकाच कुळातल्या, एकाच प्रजातीगटातल्या वनस्पती आहेत. ही आपल्या जागी आहे, म्हणून वाळू बांधते, तिच्या सावलीत इतर गवते रुजतात, आणि टेकडी तयार होते. बेशरम परक्या जागी गेली, म्हणून काठ झाकून टाकते. मी मुलांना आता हे दोन फोटो शेजारी ठेवून दाखवते.

जानेवारी ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवे इथे अंडी घालायला येतात. आम्हाला कासव दिसले नाही, पण रात्री येऊन गेलेल्या एका मादीचा माग दिसला. दोन्ही बाजूंना वल्ह्यांचे ठसे आणि मध्ये ओढलेल्या पोटाची पट्टी. माग वर जाऊन मर्यादवेलीच्या कडेला थांबला होता. न उबलेली अंडी आणि कवचे वाळूत कुजतात, त्यातले नत्र या वेलींना मिळते. वेल वाळू धरते, आणि धरलेल्या वाळूत पुढच्या वर्षी कासवाला जागा मिळते. समुद्रातले अन्न असे किनाऱ्यावर येते. कासवांच्या दिवसांत बेटावर उतरण्यावर बंधने असतात, म्हणून वनखात्याकडे आधी चौकशी करावी. घरट्यांजवळ जाऊ नये, आणि पिण्याचे पाणी घेऊनच निघावे.

परतताना उपसागराच्या उथळ पाण्यात बायका आणि पुरुष कमरेपर्यंत उभे राहून शिंपले गोळा करताना दिसले. मांस विकले जाते, कवचांचा चुना होतो. एका आजींनी मामांच्या हातावर एक भरलेला शिंपला ठेवला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, "हा पण पाणीच गाळतो ना, गंगाखेडच्यासारखा?" हो, तेच काम. शहराचे सांडपाणी, शेतांतून आलेले खत, नदीचा गढूळपणा, हे सारे या उपसागरात येते आणि शिंपल्यांच्या थरांतून गाळले जाते. शिंपले ज्या वेगाने उपसले जातात त्या वेगाने ते वाढतात का, हे विचारल्यावर आजींनी हात पसरून दाखवले. पूर्वी एवढे मोठे मिळत, आता एवढे.

सहावा दिवस : कोळंबीची तळी आणि माशाच्या काट्यासारखे कालवे

संध्याकाळची परतीची गाडी होती, म्हणून सकाळी नाववाल्याच्या ओळखीने कांदळवनाच्या मागच्या गावात गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना कोळंबीची चौकोनी तळी, त्यांत फिरणारी पंख्यांची चाके, आणि कडेला एकही झाड नाही. १९९० च्या दशकात या किनाऱ्यावर काळ्या वाघी कोळंबीची लाट आली. एकाच जातीची दाटीवाटीची पैदास, आणि मग पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूरोगाने तळीच्या तळी बसली. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किनारी नियमन क्षेत्रातल्या अशा कोळंबी शेतीविरुद्ध निकाल दिला. आता बहुतेक ठिकाणी पॅसिफिककडची व्हॅनामी कोळंबी आहे. लोकांचे पोट यावर आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले आणि त्याबद्दल हलके बोलणार नाही. पण जी कोळंबी मोफत वाढवून देणारे जंगल होते ते तोडून तिला विकतचे खाद्य, विकतची हवा आणि विकतचे औषध देण्याची ही व्यवस्था मला फार महाग वाटली.

गावच्या वनसंरक्षण समितीतले एक गृहस्थ आम्हाला जंगल पुन्हा उभे केलेल्या जागेवर घेऊन गेले. झाडे तुटल्यावर अशा जागा बशीसारख्या खोलगट होतात, भरतीचे पाणी आत येते ते साचते, उन्हाने आटते, मीठ मागे राहते आणि काहीही रुजत नाही. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान आणि वनखाते यांनी गावकऱ्यांबरोबर इथे माशाच्या काट्यासारखे चर खणण्याची पद्धत आणली : खाडीपासून एक मुख्य चर, त्याला तिरके फुटलेले लहान चर, आणि त्यांतून दर भरतीला पाणी आत येऊन मीठ धुऊन नेते. मामा काठावर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं माय, ही तर आपली वितरिका! हा मुख्य कालवा, ही वितरिका, ही पाटचारी." पैठणचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा आणि उजवा १३२ किलोमीटरचा; त्यांवर नोकरी काढलेल्या माणसाला चराचा उतार पाहताच कळत होता. त्यांनी तेलुगूत उताराबद्दल, तोंडाशी साचणाऱ्या गाळाबद्दल, दरवर्षीच्या सफाईबद्दल इतके प्रश्न विचारले की त्या गृहस्थांनी चपला काढून चरात उतरून सगळे दाखवले. मग मामाही उतरले.

मी विचारले की लावले काय. मुख्यतः तिवर, ते म्हणाले, कारण खारेपणा तोच आधी सोसतो. उंच भागात गेवा. पहिली काही वर्षे नुसत्या रांगा दिसत, आवाज नसे. पाणी खेळू लागले तसे खेकडे स्वतःहून आले, त्यांच्या बिळांनी चिखल मोकळा झाला, आणि भरतीबरोबर वाहत आलेली काजळ्याची आणि कांदळाची रोपे रांगांच्या मधल्या जागी अडकून रुजली, जी कोणीच लावली नव्हती. आता चरांत बोई मासे आणि कोळंबीची पिल्ले येतात, म्हणून गावातले लोक चर साफ ठेवायला मजुरीविना येतात. मामांनी त्यांना विचारले की चर साफ केल्यावर निघालेला गाळ कुठे टाकता. त्यांनी रांगेच्या कडेची थोडी उंच झालेली पट्टी दाखवली; तो तिथेच टाकतात, आणि पुढच्या पावसाळ्यात त्यावर गेव्याची नवी रोपे लावायची आहेत.